गाणं आफ्रिकेचं, गळे आपल्या मुलांचे



गणपती जवळ आले की मुलांच्या समूहगीतांच्या तालमी सुरू होतात. यंदा मिसरोदच्या आपल्या बालचमूसाठी एक सुचवावंसं वाटतं : आफ्रिकेतलं एक गाणं बसवू या.

परकं वाटतंय? ‘हम होंगे कामयाब’ मुलांना शाळेतूनच पाठ असतं. ते हिंदीत आणलं आपल्याच मध्य प्रदेशातल्या अशोकनगरच्या गिरिजाकुमार माथुरांनी. मूळ इंग्रजी गाण्याची मुळं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांत आहेत. म्हणजे ओळख जुनीच आहे.

दक्षिण आफ्रिकेत तर एका शालेय गीताचं राष्ट्रगीत झालं. जोहान्सबर्गजवळच्या मिशन शाळेतले शिक्षक इनॉक सोन्तोंगा यांनी १८९७ मध्ये ‘न्कोसी सिकेलेल इ-आफ्रिका’ ही प्रार्थना रचली आणि शाळेच्या गायकवृंदाकडून गाऊन घेतली. वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात लोक ती गात राहिले. १९९७ पासून ती तिथल्या राष्ट्रगीताचा भाग आहे.

ती राष्ट्रगीतात असल्यामुळे मंचावरच्या कार्यक्रमासाठी ‘सियाहांबा’ बरं. जगभरचे बालगायकवृंद हे झुलू गीत गातात. देवाच्या उजेडात सगळ्यांनी मिळून चालण्याचं हे गाणं. आपल्याला दिंडीच आठवावी! शब्द मोजके, पुन्हा पुन्हा येणारे. झुलूत बहुतेक अक्षरं स्वरान्त असतात, म्हणून देवनागरीत लिहून दिलं की मुलं सहज म्हणतात.

बसवायचं कसं? भजनात बुवा ओळ सांगतात आणि टाळकरी ती झेलतात, तसंच. एका मुलीनं ओळ सुरू करायची, बाकीच्यांनी उचलायची. ती पक्की झाली की दोन गट करा : एक ‘सा’वर असेल तेव्हा दुसरा ‘ग’वर. आपल्याला एकाच सुरात गायची सवय, त्यामुळे सुरुवातीला मुलं एकमेकांच्या सुरात घसरतील. गट वेगवेगळे बसवून मगच एकत्र आणा. साथीला ढोलक आणि टाळ्या पुरेत.

एक मात्र कळकळीनं सांगते. ‘आफ्रिकन’ म्हटलं की मुलांच्या तोंडाला काळा रंग फासायचा, गवताचे घागरे बांधायचे, हे नको. ही कुणाची तरी प्रार्थना आहे. आपल्या आरतीची कुणी अशी नक्कल केली तर आपल्याला चालेल का? पहिल्या तालमीला मुलांना आधी अर्थ सांगा, नकाशात देश दाखवा. कपडे आपले नेहमीचे सणाचेच असू द्या.