विश्लेषण : रँकिंगचा एकही गुण नाही, तरीही स्नूकरच्या ‘मास्टर्स’ला एवढा मान का?

जानेवारी २०२५ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये शॉन मर्फीने तत्कालीन जगज्जेत्या कायरन विल्सनला १०-७ असे हरवून ‘मास्टर्स’ जिंकली. बक्षीस होते साडेतीन लाख पौंड. मात्र त्याच्या जागतिक क्रमवारीत या विजयाने शून्य भर पडली. असे का, आणि हे योग्य आहे का?

निमंत्रण कोणाला मिळते?

मास्टर्स ही निमंत्रितांची स्पर्धा. डिसेंबरमधील यूके चॅम्पियनशिपनंतर क्रमवारीतील पहिल्या १६ जणांना बोलावले जाते. म्हणजे हे निमंत्रण वशिल्याचे नसते, ते टेबलवर कमवावे लागते. २०२५ मध्ये रॉनी ओसुलिव्हनने प्रकृतीच्या कारणास्तव माघार घेतली, तेव्हा त्याच्या जागी सतरावा नील रॉबर्टसन आला. सोळावा आणि सतरावा यांच्यातली रेषा किती बारीक आहे, हे यावरून कळते.

गुण का नाहीत?

स्नूकरची क्रमवारी दोन वर्षांतील बक्षिसाच्या रकमेवर ठरते. रँकिंग स्पर्धेत जिंकलेला एक पौंड म्हणजे एक गुण. १६ जणांसाठीच्या स्पर्धेचे पैसे यात धरले, तर वरचे आणखी वर जातील आणि खालच्यांसाठी दार बंद होईल. व्यावसायिक टूरवरील स्थान टिकवण्यासाठी पहिल्या ६४ मध्ये राहावे लागते. खालच्या खेळाडूसाठी क्रमवारी म्हणजे नोकरीच. त्यामुळे पैसा द्या, गुण देऊ नका, हा नियम न्याय्य ठरतो.

मग मान कशाचा?

इतिहासाचा. १९७५ च्या पहिल्याच अंतिम सामन्यात जॉन स्पेन्सरने रे रिअर्डनला ९-८ असे हरवले. निर्णायक फ्रेमचा निकाल पुन्हा मांडलेल्या काळ्या चेंडूवर लागला. आज विजेत्याला मिळतो तो पॉल हंटर करंडक. हंटरने २००१, २००२ आणि २००४ चे अंतिम सामने पिछाडीवरून १०-९ असेच जिंकले. २००६ मध्ये, अवघ्या २७ व्या वर्षी कर्करोगाने त्याला नेले. ओसुलिव्हनच्या नावावर विक्रमी आठ विजेतेपदे आहेत : पहिले १९९५ मध्ये, आठवे २०२४ मध्ये.

मर्फीचे यश वेगळे कसे?

त्याचे आधीचे मास्टर्स विजेतेपद २०१५ चे, म्हणजे मध्ये दहा वर्षे गेली. शिवाय उपांत्य फेरीत मार्क अॅलनविरुद्ध त्याने १४७ चा ब्रेक केला. हिशेब सोपा आहे : १५ लाल चेंडू आणि प्रत्येकामागे काळा, हे झाले १२०, उरलेल्या सहा रंगीत चेंडूंचे २७. एक चूक आणि सारे संपले.

आपण कुठे आहोत?

स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला, असे मानले जाते. मुंबईच्या आदित्य मेहताने २०१३ मध्ये दिल्लीतील इंडियन ओपनची अंतिम फेरी गाठली. रँकिंग स्पर्धेत तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय. पण पहिल्या १६ मध्ये आजवर एकही भारतीय नाही. चीनच्या डिंग जुनहुईने मात्र २०११ मध्येच मास्टर्स जिंकली.

मास्टर्सचे दार बंद आहे अशी तक्रार करता येणार नाही. दार क्रमवारीचे आहे, आणि तिथे पोहोचायला वर्षानुवर्षे टूरवर टिकून राहण्याचे बळ लागते. आपण खेळाडूंना पदकानंतर शाबासकी देतो. हे बळ त्याआधी द्यायला हवे.