विश्लेषण : प्री-वेडिंगचा रंगीत धूर; तार ओढावी की वात लावावी?

तुळशीचे लग्न लागले की अकोल्यात लग्नसराईची आणि तिच्याही आधी प्री-वेडिंग फोटोंची धावपळ सुरू होते. जठारपेठेतल्या एखाद्या स्टुडिओत चौकशी केली तर ड्रोन, अल्बम आणि रीलच्या जोडीला हल्ली ‘कलर स्मोक’ हा शब्दही कानावर पडतो. संध्याकाळचे तिरपे ऊन, मागे शेत, जोडप्याच्या हातात गुलाबी किंवा निळा धूर सोडणारी नळी, असे ते छायाचित्र. त्यावर बोलणे होते ते रंगाबद्दल आणि नळी किती वेळ चालेल याबद्दल. ती पेटवायची कशी, हा प्रश्न बहुधा जागेवर पोहोचल्यावरच समोर येतो. ज्या मुलखात हिवाळ्यात पऱ्हाटी आणि तुऱ्हाटी वाळत असते आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तिथे तो आधीच सुटलेला हवा.

धूर थंड, नळी गरम

रंगीत धुराची नळी ‘कोल्ड स्मोक’ म्हणून विकली जाते. यातले ‘कोल्ड’ अर्धेच खरे आहे. नळीत प्राणवायू पुरवणारे रसायन (सहसा पोटॅशियम क्लोरेट), साखरेसारखे इंधन आणि रंगाची भुकटी असते. इंधन जळते, त्या उष्णतेने रंगाची वाफ होते आणि ती बाहेरच्या हवेत गार होऊन सूक्ष्म कणांच्या रूपात तरंगते. डोळ्याला दिसणारा धूर म्हणजे हे रंगाचे कण. उष्णता फार वाढली तर रंगच जळून जातो, म्हणून मिश्रणात खाण्याच्या सोड्यासारखा पदार्थ घालून तापमान आवरले जाते. आवरले जाते म्हणजे नाहीसे होते असे नव्हे. बाहेर पडून पसरलेला धूर गार असला तरी नळीचे तोंड आणि कवच चांगलेच तापते आणि धूर थांबल्यावरही काही मिनिटे तापलेले राहते. तोंडाशी कचरा अडकला किंवा मिश्रण ओलाव्याने तडकले असेल तर धुराबरोबर ज्योतही बाहेर येऊ शकते.

आणखी एक गोष्ट फोटोग्राफरने लक्षात ठेवायची आहे. जळण्यासाठी लागणारा प्राणवायू मिश्रणातच असल्याने पेटलेल्या नळीवर ओले पोते टाकले किंवा माती लोटली तरी ती आतून जळत राहते. तिला गार करण्यासाठी भरलेली बादलीच हवी.

पेटवण्याच्या तीन तऱ्हा

पहिली वातीची. दिवाळीच्या अनारासारखी वात बाहेर असते. ती लायटरने किंवा उदबत्तीने पेटवायची, काही सेकंद ती सुरसुरत जाते आणि मग धूर सुटतो. शिवकाशीच्या फटाक्यांत मिळणारा रंगीत धूर सहसा याच प्रकारचा असतो.

दुसरी तारेची. नळीच्या डोक्यावर कडी असते आणि कडीला तार. तारेवर खरखरीत लेप असतो, आत काडीपेटीच्या गुलासारखे मिश्रण. तार झटक्यात ओढली की घर्षणाने ठिणगी पडते आणि एक-दोन सेकंदांत धूर सुरू होतो. लायटर लागत नाही, वाऱ्याचा अडथळा नाही, एकट्याला जमते. परदेशी फोटोग्राफरांच्या रीलमध्ये दिसते ती बहुतेक हीच नळी, आणि तिच्यामुळेच ‘स्मोक ग्रेनेड’ हे नाव रुळले. लष्करी धूर-ग्रेनेडशी असलेले साम्य मात्र कडीपुरते. लष्करी ग्रेनेडला पिन काढल्यावरही दाबून धरायची पट्टी असते. ती सुटेपर्यंत वेळ आपल्या हातात राहतो. फोटोच्या नळीला अशी पट्टी सहसा नसते. तार निघाली की निघाली.

तिसरी घासणीची. टोपण काढायचे आणि त्यावरची खरखरीत बाजू नळीच्या डोक्यावर काडीसारखी घासायची. रेल्वेच्या गार्डकडे असणारी लाल ज्योतीची फ्यूजी याच तत्त्वावर पेटते. फोटोच्या कामासाठी ही पद्धत सगळ्यात गैरसोयीची आहे. दोन्ही हात आगीजवळ, ठिणग्या बोटांकडे, आणि टोपण दमट झाले की सगळेच फुकट. तिच्यावर याहून जास्त शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

खरी निवड वात आणि तार यांच्यात आहे, आणि तिथे बहुतेकांचा कल तारेकडे असतो. कारण समजण्यासारखे आहे. सूर्य बुडायला दहा मिनिटे उरलेली असतात, नळी मिनिट-दीड मिनिटच चालते आणि वारा सुटलेला असताना लायटरशी झटापट करायला कोणाला वेळ नसतो. तारेमुळे पहिला क्षण हातात येतो. फोटोग्राफर ‘ओढा’ म्हणतो आणि धूर येतो.

पण निवड करताना पाहायला हवे ते नळी पेटली नाही तर काय होते, आणि पेटल्यानंतर ती कोणाच्या हातात असते. या दोन्ही बाबतींत वात उजवी ठरते.

तार हळू ओढली, तिरकी ओढली किंवा पावसाळ्यात नळी दमट झाली असेल तर तार हातात येते आणि नळी गप्प राहते. ती निकामी आहे की आत काही धुमसते आहे, हे बाहेरून कळत नाही. मग माणसे जे करतात ते सगळ्यात धोक्याचे असते. कोणी तोंडात डोकावते, कोणी हलवून पाहते, कोणी तारेच्या भोकात लायटर धरते. वातीच्या बाबतीत निदान खूण दिसते. वात सुरसुरते आहे की विझली, हे दहा फुटांवरूनही कळते. विझलेल्या वातीजवळ लगेच जाऊ नये हा नियम दिवाळीत फटाके उडवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. न पेटलेल्या तारेच्या नळीबद्दल अशी सवय अजून कोणाच्या अंगात मुरलेली नाही.

दुसरा मुद्दा अंतराचा. वात लावणारा माणूस आपोआप मागे सरकतो. तारेची नळी मात्र हातात धरण्यासाठीच बनवलेली असल्याने ती पेटल्यानंतरही हातातच राहते, आणि प्री-वेडिंगमध्ये तो हात अनेकदा नवरीचा असतो. तिच्या अंगावर शालू किंवा सिंथेटिक गाऊन, ओढणी वाऱ्यावर, केसांना स्प्रे, आणि आयुष्यात प्रथमच हातात घेतलेली नळी. कॅमेऱ्याकडे बघून हसत असताना नळीचे तोंड कुठे वळले आहे याकडे तिचे लक्ष राहत नाही. राहावे अशी अपेक्षाही चुकीची आहे, कारण तिला तिथे फोटोसाठी बोलावले आहे. धुराचा रंग घामेजल्या कपड्यावर बसला तर सहज निघत नाही, हा भुर्दंड वेगळाच. दमा असलेल्याने तर त्या धुरात उभेच राहू नये.

म्हणून जमिनीवर ठेवण्याच्या प्रत्येक फोटोसाठी वातीची नळी घ्यावी. रेती भरलेल्या घमेल्यात ती उभी रोवावी, वाऱ्याची दिशा पाहून जोडप्याच्या मागे चार-पाच पावलांवर ठेवावी. कॅमेरा खाली घेतला तर घमेले चौकटीत येतही नाही आणि धूर पाठीमागून उठल्यासारखा दिसतो. वात किती सेकंद घेईल याचा अंदाज नसतो ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे जोडप्याने आधीच जागा घ्यायची आणि सलग फोटो काढत राहायचे. हातातच धूर हवा असेल तर तारेची नळी घ्यावी, पण ती स्टुडिओच्या माणसाने जाड हातमोजे घालून धरावी किंवा लांब बांबूच्या टोकाला बांधावी. चौकटीत फक्त धूर येईल असे पाहणे हेच फोटोग्राफरचे कौशल्य.

युकाइपा आणि संसद

धुराच्या नळीने काय होऊ शकते, याचे सगळ्यात महागडे उदाहरण अमेरिकेतले आहे. ५ सप्टेंबर २०२० रोजी कॅलिफोर्नियातील युकाइपा येथे एका कुटुंबाने होणारे बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करण्यासाठी एका उद्यानात धुराचे उपकरण पेटवले. गवत वाळलेले होते. त्यांनी बाटल्यांतल्या पाण्याने ते विझवण्याचा प्रयत्न केला, पण उपयोग झाला नाही. ‘एल डोराडो फायर’ म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या वणव्यात २२ हजारांहून अधिक एकर क्षेत्र जळाले आणि एका अग्निशमन कर्मचाऱ्याचा जीव गेला. त्या दाम्पत्याने २०२४ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. तिथल्या वाळल्या टेकडीत आणि डिसेंबरातल्या वऱ्हाडी धुऱ्यावरच्या गवतात आगीच्या दृष्टीने फार फरक नाही. इथे तर शेजारी वेचणीला आलेला किंवा ढीग लावलेला कापूसही असतो.

भारतात ही नळकांडी घराघरात माहीत झाली ती १३ डिसेंबर २०२३ रोजी. दोघा तरुणांनी लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीतून सभागृहात उडी मारली आणि बुटांत लपवून आणलेल्या नळकांड्यांतून पिवळा धूर सोडला. त्याच वेळी संसदेबाहेर धूर सोडणाऱ्या दोघांमध्ये एक तरुण लातूर जिल्ह्यातला होता. ही नळकांडी कल्याणहून आणल्याचे तेव्हा बातम्यांत आले होते. बंदिस्त जागेत वापरू नये, हातमोजे आणि चष्मा घालावा, अशा सूचना त्या नळकांड्यांवर छापलेल्या असल्याचेही सांगितले गेले. सभागृहाच्या सुरक्षेची चर्चा खूप झाली, ती व्हायलाच हवी होती. छापील सूचनांची फारशी झाली नाही. मंगल कार्यालयाच्या बंद हॉलमध्ये वधूच्या प्रवेशाला अशी नळी लावण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी त्या सूचना वाचायला हव्यात. हॉलमध्ये फॉग मशीन आणि रंगीत दिवे यांनी काम भागते.

कुठून घ्यायची, कुठे लावायची

इथे वात आणि तार यांच्यातला आणखी एक फरक पुढे येतो. वातीचा शिवकाशी माल परवानाधारक फटाका दुकानात मिळतो, पाकिटावर कारखान्याचे नाव असते. तारेची नळी बऱ्याचदा ऑनलाइन किंवा कुणाच्या ओळखीने येते. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात ई-कॉमर्स संकेतस्थळांना फटाक्यांची ऑनलाइन मागणी घेण्यास आणि विक्री करण्यास मनाई केली. परदेशातून फटाके आणायलाही परवाना लागतो. रंगीत धुराची नळी ‘फोटोग्राफी साहित्य’ म्हणून विकली जात असली तरी आतल्या रसायनांनी ती फटाक्याच्याच कुटुंबातली आहे. स्फोटकांचे नियमन करणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. विदर्भातल्या स्टुडिओचालकांच्या संघटनांनी तिथूनच स्पष्ट लेखी मार्गदर्शन मागवले तर संदिग्धता बरीच कमी होईल. क्लोरेट आणि गंधक यांचे एकत्र मिश्रण असलेल्या स्फोटकांवर देशात जानेवारी १९९२ पासून बंदी आहे, कारण ते नुसत्या घर्षणानेही भडकते. बनवणाऱ्याचे नाव नसलेल्या नळीत काय भरले आहे हे कोण सांगणार? अशी नळी वातीची असो की तारेची, ती विकत घेऊ नये. व्हिडीओ पाहून घरी बनवण्याचा तर विचारही नको.

मुंबई-पुण्याहून असा माल रेल्वेने आणणेही महागात पडू शकते. धोकादायक वस्तू बेकायदा गाडीत नेल्यास रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. दुचाकीवरच्या कॅमेरा बॅगेत तारेची नळी टाकताना कडी कशात अडकणार नाही, हेही पाहावे लागते. कडीवर चिकटपट्टी लावून प्रत्येक नळी वेगळ्या डब्यात ठेवणे एवढे तरी करावे.

जागेचा प्रश्न सर्वात नाजूक. अकोल्याची जोडपी फोटोसाठी नरनाळ्याला जातात, महानला काटेपूर्णेच्या पाण्याकडे जातात. नरनाळा किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे आणि महानच्या जलाशयाभोवती काटेपूर्णा अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवण्यास आणि वन्यजीवांना इजा करू शकणारी रसायने वा स्फोटके वापरण्यास मनाई करतो. तिथे वात की तार हा प्रश्नच उरत नाही. दोन्ही घरी ठेवायच्या. बाळापूरच्या छत्रीसारख्या जुन्या दगडी वास्तूजवळही रंगाचे कण दगडावर बसू देणे हा करंटेपणाच.

उरते ते शेत, आणि शेतही कोणाचे तरी असते. मालकाला विचारून नांगरलेला किंवा पीक काढून साफ केलेला तुकडा निवडावा, गंजीपासून आणि कापसाच्या ढिगापासून लांब. दोन भरलेल्या बादल्या गाडीतून न्याव्यात, एक नळीसाठी आणि एक चुकून पेटलेल्या गवतासाठी. फोटो झाल्यावर नळी धुऱ्यावर टाकून निघू नये, संध्याकाळी तिथे जनावरे येतात. ती बादलीत बुडवून, त्याच पाण्यासकट परत आणावी आणि रात्रभर स्टुडिओच्या आत नव्हे, बाहेर ठेवावी. वापरलेल्या नळ्यांचा हिशेब नेलेल्या नळ्यांशी जुळवायचे काम एका ठरावीक माणसाकडे द्यावे, आणि न पेटलेली तारेची नळी पहिल्यांदा बादलीत जाईल, याची जबाबदारीही त्याच्याचकडे.