एका आसावर पाच टन

औशाला रेल्वे आली नाही. नकाशावर मात्र गावाचं नाव आहे. लातूरहून बार्शीकडं निघालं की हरंगुळ आणि मुरुडच्या मध्ये औसा रोड नावाचं स्टेशन लागतं, गावापासून चांगलं लांब. माझे आजोबा भुईमुगाची पोती बैलगाडीत घालून लातूरच्या अडतीवर न्यायचे. परत आले की घरात आधी भाव सांगायचे आणि मग लगेच ‘बार्शी लाईट’च्या इंजिनाबद्दल बोलायला लागायचे. त्या बोलण्यानं मला या इंजिनाचा नाद लागला. जसजसं वाचत गेलो तसतसं मत पक्कं होत गेलं की आपल्या जमिनीचा आणि आपल्या ऐपतीचा इतका विचार करून घडवलेलं यंत्र मराठवाड्यात क्वचितच आलं असेल.

बार्शीची अडचण औशासारखीच होती. कापसाची आणि धान्याची एवढी मोठी पेठ, पण मुंबई-मद्रास मार्ग तिला टाळून २१ मैलांवरून गेला. तिथल्या स्टेशनाचं नाव बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी. तिथपर्यंत सगळा माल बैलगाडीनं. जीआयपी रेल्वेत काम केलेल्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं हे हेरलं. त्याचं म्हणणं असं, की अशा पेठेला मोठी रेल्वे परवडणार नाही, पण हलकी रेल्वे नुसती परवडेल असं नाही, ती कमाईही करील. दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर ठेवून त्यानं हा मार्ग टाकला आणि १८९७ साली बार्शी ते बार्शी रोड गाडी धावू लागली. हीच ‘बार्शी लाईट’.

खरी करामत इंजिनात होती. लीड्सच्या किटसन कारखान्यात बांधलेली ती पहिली इंजिनं. गाडी ओढणारी आठ चाकं, त्यांच्या मागं आधाराची चार, असे एकूण सहा आस. पाण्याच्या टाक्या इंजिनाच्याच अंगावर, त्यामुळं मागं वेगळा टेंडर नाही. कॅल्थ्रॉपचा नियम एकच, पण कडक: एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. इंजिन असो, मालडबा असो की माणसांचा डबा, सगळ्यांना हाच नियम. सहा आसांवर मिळून इंजिन सुमारे तीस टनांचं झालं, आणि ते वजन रुळांवर सारखं वाटलं गेलं. त्यामुळं रूळ मीटरला जेमतेम पंधरा किलोचे चालले. आज ब्रॉडगेजवर मीटरला साठ किलोचा रूळ टाकतात.

आमच्याकडची काळी जमीन ज्यानं नांगरली आहे त्याला याचं मोल लगेच कळेल. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात हीच जमीन फुगून वर येते. तिच्यावर भार घालायचा तर जपूनच घालावा लागतो. शिवाय मालडब्यांनाही पाच टनांची मुभा असल्यानं प्रत्येक डबा आपल्या वाट्याचं ओझं पुरेपूर घेई. दिसायला खेळण्यातली गाडी, पण तिच्यात माल मावायचा तो पोत्यांच्या थप्प्यांनी.

इंजिनं बोटीवर चढवण्याआधी कॅल्थ्रॉपनं लीड्सजवळ न्यूले इथं तात्पुरता मार्ग टाकून त्यांची चाचणी घेतली आणि ती पाहायला रेल्वेच्या व लष्कराच्या जाणकारांना बोलावलं. पुढं १९०४ मध्ये इंग्लंडात स्टॅफर्डशायरमधली लीक आणि मॅनिफोल्ड व्हॅली ही छोटी रेल्वे त्यानं बार्शीच्या अनुभवावर उभारली. ती १९३४ साली बंद पडली. आमची गाडी तिच्यानंतर सत्तर वर्षं धावत राहिली, याचा मला अभिमान आहे. हा माणूसही विलक्षण. अरबी घोडे पाळायचा, घोड्यांवर त्यानं पुस्तक लिहिलं. मित्र चार्ल्स रोल्स विमान कोसळून गेला तेव्हा वैमानिकांसाठी पॅराशूट तयार करायच्या कामाला लागला.

१९०६ मध्ये मार्ग पंढरपूरला पोचला आणि एकादशीच्या गर्दीची नि या गाडीची कायमची गाठ पडली. १९११ मध्ये तो लातूरला आला. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर निजामाच्या. मधली सरहद्द ओलांडून आमचा कापूस, तूर, भुईमूग मुंबईच्या वाटेला लागला. गंजगोलाईची उभारणी १९१७ ची, म्हणजे गाडी आल्यानंतर सहा वर्षांची. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात ती पेठ आणि ही रेल्वे, या दोघींना मी वेगळं काढू शकत नाही. १९२७ साली मार्ग मिरजेला भिडला. लातूर ते मिरज, सव्वातीनशे किलोमीटर. त्याच वर्षी कॅल्थ्रॉप वारला.

येडशीच्या रामलिंग घाटाबद्दल जुनी माणसं अजून भरभरून बोलतात. बालाघाट चढताना इंजिनाला दम लागायचा, फायरमन फावड्यामागून फावडं कोळसा आत लोटायचा, आणि तरणी पोरं खाली उतरून गाडीच्या बाजूनं चालत राहायची, वर गेल्यावर पुन्हा डब्यात. यात थोडं तिखटमीठ असेल. पण प्रत्येक गावात तीच गोष्ट तितक्याच मायेनं सांगितली जाते.

१९५४ मध्ये बार्शी लाईटची कंपनी सरकारनं घेतली आणि मार्ग मध्य रेल्वेत गेला. पुढं वाफ गेली, डिझेल आलं. २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी ब्रॉडगेज झालं, वाटेत धाराशिवला वळसा मिळाला, आणि मग पंढरपूर-मिरजही रुंद झालं. हे व्हायलाच हवं होतं. मुंबईला जाणाऱ्या माणसाला कुर्डुवाडीला उतरून गाडी बदलायला लावणं कुठवर चालणार होतं?

एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. सगळ्या देशानं ‘जलदूत’ पाहिली. ती आली कुठून? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. धाराशिवचा वळसा सोडला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बार्शी लाईटचीच वाट. त्या दिवसांत घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायांना हे कुणी सांगितलं नाही, आणि शाळेतल्या पोरांनाही आजवर कुणी सांगत नाही.

हरंगुळला आता रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे. डिसेंबर २०२० मध्ये तिथून पहिला सांगाडा बाहेर पडला. ज्या जिल्ह्यात नवे डबे घडतात तिथं जुन्या गाडीसाठी एक दालन असावं, ही माझी मागणी आहे. पण तेवढ्यासाठी थांबू नका. तुमच्या घरात या मार्गावर फायरमन, गँगमन, पॉइंट्समन राहिलेलं कुणी असेल तर ते आता थकले असतील. त्यांच्याजवळ बसा. पाणी कुठं भरायचे, घाटात आग कशी राखायचे, पावसात रूळ कुठं खचायचे, औसा रोडला कोण चढायचं, हे विचारा आणि ते सांगतील तसंच लिहून काढा. तिकीट, बिल्ला, कंदील, जे काही माळ्यावर पडलं असेल ते भंगारात घालू नका.