हसणाऱ्यांच्या गर्दीत अपमान कुणाचा?

फेब्रुवारी २०२५ मध्ये समय रैना यांच्या 'इंडियाज गॉट लेटंट' या यूट्यूबवरील विनोदी कार्यक्रमात पाहुणे म्हणून आलेल्या रणवीर अलाहबादिया यांनी एका स्पर्धकाला आईवडिलांच्या खासगी जीवनाविषयी अत्यंत घाणेरडा प्रश्न विचारला आणि देशभर गदारोळ उठला. हा पाहुणा साधासुधा नव्हता. स्वतःच्या पॉडकास्टवर अध्यात्माच्या गप्पा मारणारा, मार्च २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते पुरस्कार घेतलेला. त्यामुळे ऐकणाऱ्यांतच फूट पडली. एक गट म्हणाला, संस्कृती बुडाली, यांना आत टाका. दुसरा म्हणाला, विनोद आहे, आवडत नसेल तर ऐकू नका. गुवाहाटीत गुन्हा दाखल झाला, महाराष्ट्र सायबर कामाला लागले, मुख्यमंत्री बोलले. १८ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने खरमरीत शब्दांत कान उपटले, पासपोर्ट जमा करायला लावला आणि अटकेपासून संरक्षण दिले. अवघ्या दहा-बारा दिवसांत सारी यंत्रणा हलली!

दोन्ही गट भांडत होते ते एकाच गोष्टीवर, वाक्य अश्लील की विनोदी. हसणे कुणाच्या जिवावर चालले आहे, हे कुणी विचारले?

२०१२ साली एका कार्यक्रमात अभिनेते रणदीप हुडा यांनी बहन मायावतींवर जातीय व स्त्रीद्वेषी विनोद केला. चार वेळा मुख्यमंत्री झालेल्या नेत्याबद्दलचा तो विनोद ऐकून समोरचे सुशिक्षित प्रेक्षक खदखदून हसले. त्या दिवशी कुणाची संस्कृती बुडाली नाही. मे २०२१ मध्ये ती चित्रफीत बाहेर आली, लोकांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे संयुक्त राष्ट्रांच्या एका करार-संस्थेने त्यांना सदिच्छादूत पदावरून काढले. मधली नऊ वर्षे सगळे शांत!

अॅट्रॉसिटीच्या खटल्यांत आम्ही हे रोज ऐकतो. 'साहेब, मस्करीत बोललो.' दुसरा बचाव ठरलेलाच, की तेथे लोक नव्हते. पण १९८९ च्या कायद्याचे कलम ३(१)(आर) व (एस) अश्लीलता मोजत नाही. हेतुपुरस्सर अपमान झाला का आणि तो लोकांच्या दृष्टीसमोर झाला का, एवढेच ते विचारते. यूट्यूबवर एका आदिवासी महिलेच्या झालेल्या अपमानाच्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले, की इंटरनेटवर टाकलेला मजकूरही लोकांच्या दृष्टीसमोरच असतो.

विनोदकारांचेच दुसरे प्रकरण पाहा. दुर्मीळ आजाराच्या रुग्णांची व अपंगांची टवाळी केल्याबद्दल ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रैना यांच्यासह पाच विनोदकारांना माफी मागायला लावली. २७ नोव्हेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश सूर्य कांत यांनी केंद्राला विचारले, की अपंगांच्या अवहेलनेविरुद्ध अॅट्रॉसिटी कायद्याच्या धर्तीवर कडक कायदा का करू नये? ज्या कायद्याला 'गैरवापराचा कायदा' म्हणून वर्षानुवर्षे हिणवले, त्याचाच नमुना घ्यावासा वाटला! आम्हाला याचा आनंद आहे. अपंगांची लढाई आपल्याला परकी नाही.

मात्र संस्कृतिरक्षकांच्या ओरडीत आपण सूर मिसळू नये. 'लेटंट'चे चित्रीकरण मुंबईत खारच्या 'हॅबिटॅट'मध्ये होई. त्याच 'हॅबिटॅट'ची २३ मार्च २०२५ रोजी शिंदे गटाच्या शिवसैनिकांनी कुणाल कामरांच्या राजकीय विडंबनावरून मोडतोड केली. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे या तरुणावर सत्ताधाऱ्यांवरील रॅपबद्दल गुन्हा नोंदला गेला होता. सत्तेला हसणे आणि पायाखालच्याला हसणे यातला फरक नियमावलीत 'अश्लील' हा एक शब्द घालून कळणार नाही. त्या शब्दाखाली आपला शाहीरही सापडेल.

आणि आपल्या मुलांच्या मोबाईलवरही हेच कार्यक्रम चालतात, तीही हसतात. जातीवरचा विनोद आला की संतापाने तो दहा गटांत पुढे पाठवतात आणि तक्रारीच्या वेळी मूळ चित्रफीत गायब झालेली असते. म्हणून आधी तिची प्रत जपून ठेवा, दुवा, तारीख व वेळ लिहून ठेवा आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र वकिलाकडून तयार करून घ्या. पुढे पाठवायचे ते नंतर.