आवाज शोधण्याचे पैसे घ्या, मित्रांनो

आजचा विषय गॅरेजवाल्यांसाठी आहे, पण दुरुस्तीचा कुठलाही धंदा करणाऱ्याने वाचावा.

"मिस्त्री, मागून आवाज येतोय, जरा बघा." श्रीगोंदा असो, काष्टी असो की बेलवंडी, हे वाक्य रोज कानावर पडतं. माझं मत सरळ आहे. आवाज शोधणं हे स्वतंत्र काम आहे, त्याचे वेगळे पैसे घ्या. आणि आवाज सापडल्याशिवाय एकही पार्ट बदलू नका.

आज बहुतेक ठिकाणी काय चालतं? शोधणं फुकट, कमाई फक्त पार्ट आणि बसवणुकीवर. मग घाई होते. "शॉकअप गेले असतील" म्हणून दोन्ही शॉकअप बदलले जातात. गिऱ्हाईक दौंडला जाऊन येतं, आवाज तसाच. मग बेअरिंग बदलतं. शेवटी कळतं की मागचा टायर उंच-सखल झिजला होता. दुसऱ्यांदा मजुरी मागायला तोंड राहत नाही, आणि गावात पारावर चर्चा होते ती वेगळीच.

नीट शोधायला काय लागतं ते बघा.

पहिलं काम, विचारा. आवाज कधी येतो? खड्ड्यात, ब्रेक मारल्यावर, की वेग वाढल्यावर? आवाज कसा? ठकठक, घासल्यासारखा, की घूं घूं?

दुसरं, डिकी रिकामी करा. जॅक, पाना, सैल स्टेपनी, पेंडीचं पोतं, सगळं बाहेर. कितीतरी ठकठक इथेच संपते.

तिसरं, गाडी स्वतः चालवून बघा, मालकाला शेजारी बसवा. खड्ड्यातच ठकठक असेल तर शॉकअप, त्याचे बुश आणि सायलेन्सरचे रबर तपासा. ब्रेक मारल्यावर घासत असेल तर ड्रम उघडून लायनर बघा.

घूं घूं वेगाबरोबर वाढत असेल तर टायर किंवा बेअरिंग. डांबरीवरून काँक्रीटवर गेल्यावर आवाज बदलला तर टायरवर संशय घ्या. मोकळ्या रस्त्यावर, सावकाश, गाडी किंचित डावीकडे घेतली की वजन उजव्या चाकावर जातं. तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक उजवं बेअरिंग. तरी खात्री हवी असेल तर मागचे टायर पुढे घाला. आवाज पुढे गेला तर टायर, मागेच राहिला तर बेअरिंग. बोलेरोसारख्या मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत, ॲक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर आवाज बदलतो का तेही ऐका. तिथे डिफरन्शियल आणि प्रोपेलर शाफ्टचे जोड बघावे लागतात.

शेवटी चाक उचलून हाताने फिरवा, वर-खाली हलवा. खेळ जास्त असेल तर गाडी चालवत घरी नेऊ देऊ नका. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. गळीत हंगामात नगर-दौंड रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्या, त्यात कितींना मागे दिवा नसतो. तिथे चाक जाम झालं तर गाडीत बसलेल्या माणसांचं काय होईल?

आता सांगा, हे सगळं "जरा बघणं" आहे का? अर्धा-पाऊण तास जातो.

त्याची किंमत काढा. समजा भाडं, पगार, लाईटबिल आणि तुमचा स्वतःचा पगार धरून महिन्याचा खर्च 60,000 रुपये. 25 दिवस, रोज 8 तास, म्हणजे 200 तास. तासाला 300 रुपये नुसता खर्च. पाऊण तासाचे सव्वादोनशे तुम्ही दरवेळी खिशातून घालताय. ते कुठेतरी भरून काढावेच लागतात, आणि मग नको तो पार्ट गाडीत जातो.

तुम्ही म्हणाल, "सर, आपल्याकडे लोक नुसतं बघायचे पैसे देत नाहीत. शेजारचा फुकट बघतो." खरं आहे, काही गिऱ्हाईकं जातील. पण सगळी जाणार नाहीत. आधी सांगा: "दादा, तपासणीचे इतके होतील. काय निघालं ते तुमच्या डोळ्यांनी दाखवतो. काम माझ्याकडेच करा असं बंधन नाही." हे शेवटचं वाक्य सोडू नका, विश्वास त्यानेच बसतो. डिकीतला जॅकच वाजत निघाला तरी तपासणीचेच पैसे घ्या. चार हजारांचं काम वाचलेला माणस पुढच्या वेळी तुमच्याकडेच येतो.

आणि बिल द्या. त्यात तपासणी, पार्ट, मजुरी वेगवेगळी लिहा, जुना पार्ट हातात द्या. गाडीदुरुस्ती ही सेवा आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये बिल न देणं हे अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. बिल असलं की उद्या वाद झाला तर कागद तुमच्याही बाजूने बोलतो.

हेच मोटार रिवाइंडिंगवाल्याला, मोबाईलवाल्याला, पंप दुरुस्त करणाऱ्याला लागू आहे. दोष नेमका ओळखणं हे तुमचं खरं कसब आहे, पार्ट तर दुकानात कुणालाही मिळतो. या आठवड्यात गॅरेजमध्ये तपासणीच्या दराची पाटी लावा आणि पहिल्या दहा गिऱ्हाइकांनी काय उत्तर दिलं ते कमेंटमध्ये लिहा. त्यावर पुढच्या व्हिडिओत बोलू.