पोट भरल्याचा निरोप

लग्नाच्या पंगतीत एखाद्या जाड मुलाने तिसऱ्यांदा जिलेबी मागितली, की आजूबाजूचे हसतात. ‘पुरे की रे आता!’ असे कुणीतरी म्हणते आणि त्याच्या आईला मान खाली घालावी लागते. मुलगा खादाड, आई लाडावणारी, घराला शिस्त नाही, असा निकाल तिथल्या तिथे लागतो. बहुतेक वेळा हा निकाल अर्धवट असतो. काही मुलांच्या बाबतीत तो साफ चुकीचा असतो.

पोट भरल्याची जाणीव शेवटी मेंदूत होते. शरीरातील चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक तयार करतात. चरबीचा साठा किती आहे, हे ते रक्तावाटे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला कळवते. साठा पुरेसा असेल तर तिथल्या काही चेतापेशी अल्फा-एमएसएच हे न्यूरोपेप्टाइड सोडतात. न्यूरोपेप्टाइड म्हणजे चेतापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी वापरतात तो प्रथिनाचा छोटा तुकडा. हा निरोप पुढच्या पेशीवरचा ‘एमसी4आर’ हा रिसेप्टर घेतो आणि भूक आवरते. उपाशीपोटी याच्या उलट घडते. एजीआरपी हे दुसरे न्यूरोपेप्टाइड त्याच रिसेप्टरवर बसून त्याचे काम थांबवते आणि भूक वाढते.

हा रिसेप्टर बनवणारे जनुक 18व्या गुणसूत्रावर असते. त्याची एक प्रत आईकडून येते, दुसरी वडिलांकडून. त्यातील एक जरी सदोष असली तरी निरोप क्षीण होतो. या दोषामुळे माणसात तीव्र स्थूलता येते, हे ब्रिटन आणि फ्रान्समधील संशोधकांनी 1998 मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले.

केंब्रिजमधील संशोधकांचा 2016 मधील प्रयोग तर प्रत्येक पालकाने ऐकावा असा आहे. सडपातळ, स्थूल आणि एमसी4आर सदोष असलेल्या व्यक्तींना चिकन कोर्मा हवा तेवढा खायला दिला. कोर्म्याचे तीन प्रकार होते. चव आणि रूप सारखे, फरक फक्त स्निग्धांशाचा. एकूण खाणे तिन्ही गटांचे साधारण सारखेच भरले. पण जनुक सदोष असलेल्यांनी सर्वाधिक स्निग्ध कोर्मा सडपातळ व्यक्तींच्या जवळजवळ दुप्पट खाल्ला. आपण काय निवडतो आहोत, हे त्यांना जिभेवर कळण्यासारखे नव्हतेच. अशा माणसाला ‘जिभेवर ताबा ठेव’ हा उपदेश किती पुरणार?

हा दोष अगदी विरळाही नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात 1990च्या दशकाच्या आरंभी जन्मलेल्या मुलांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण 340 जणांमागे एकाचे हे जनुक बिघडलेले आढळले. वयाच्या 18व्या वर्षी या मुलांचे वजन इतरांपेक्षा सरासरी 17 किलोंनी जास्त होते.

याचा अर्थ प्रत्येक जाड मुलाचे खापर जनुकावर फोडावे, असा नाही. आज मुलांची वजने वाढत आहेत ती मुख्यतः पाकिटातले खाणे, गोड पेये, हातातला मोबाइल आणि हरवलेली मैदाने यांमुळे. एका पिढीत जनुके बदलत नाहीत, ताट बदलते. पण त्याच ताटाचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. लंडनमधील भारतीय वंशाच्या लोकांच्या 2008 मधील अभ्यासात या जनुकाजवळच्या एका सर्रास आढळणाऱ्या बदलाचा संबंध कंबरेच्या घेराशी आढळला. हा बदल दोन्ही प्रतींत असलेल्यांचा घेर सुमारे 2 सेंटिमीटरने जास्त होता. पोटाचा घेर आणि मधुमेह यांचे आपल्याकडचे नाते पाहता ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

मग करायचे काय? मूल पाच वर्षांचे होण्याआधीच वजन झपाट्याने वाढू लागले, भूक भागतच नाही, जेवून उठताच पुन्हा खायला मागते, उंचीही वयाच्या मानाने जास्त आहे, घरात आणखी कुणी लहानपणापासून स्थूल आहे, असे असेल तर ‘मोठे झाल्यावर झडेल’ म्हणून वाट पाहू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि गरज पडल्यास जनुकीय तपासणी व्हावी. निदानाने उपचाराची दिशा ठरते. सेटमेलानोटाइड या औषधाला अमेरिकेत 2020 मध्ये मान्यता मिळाली ती निरोपाच्या आधीच्या टप्प्यांतील काही दुर्मीळ दोषांसाठी. खुद्द एमसी4आरच्या दोषाचा त्यात समावेश नव्हता. मात्र लिराग्लुटाइडने हा दोष असलेल्यांचेही वजन इतरांइतकेच घटल्याचे एका छोट्या अभ्यासात दिसले आहे. म्हणजे मार्ग अगदीच बंद नाहीत.

अडचण आहे ती हे मार्ग कुणाला परवडतात याची. ही तपासणी किमान सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, निवडक मुलांसाठी, मोफत व्हायला हवी. नाहीतर श्रीमंताच्या मुलाला निदान मिळेल आणि गरिबाच्या मुलाला शिव्या.

एका गोष्टीला मात्र पैसा लागत नाही. शाळेच्या मैदानावर आणि पंगतीत त्या मुलाला चिडवणे आजच थांबवता येईल. सकस ताट आणि रोजचा खेळ त्यालाही लागतोच, इतरांपेक्षा जास्तच लागतो. पण ते प्रेमाने द्यायचे असते. हिणवून कुणाची भूक कमी झालेली नाही.