गारवा एकाचा, झळ दुसऱ्याची

आंबेवाडी, केळेवाडी, फणसवाडी या गिरगावातील नावांत जी झाडे आहेत, ती जमिनीवरून केव्हाच नाहीशी झाली. त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या चाळींना सावली होती ती गॅलरीची आणि वारा होता तो समोरासमोरच्या दारे-खिडक्यांतून खेळणारा. पुढे आसपास उंच इमारती उठल्या, वाऱ्याची वाट अडली आणि एप्रिल-मे महिन्यांतील रात्रही निवेनाशी झाली. अशा वेळी दहा बाय बाराच्या खोलीत एखाद्या कुटुंबाने वातानुकूलन यंत्र बसविले, तर चैन म्हणून त्याला नाक मुरडणे अन्यायाचे होईल. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर उष्माघाताने माणसे दगावली, ही गोष्ट फार जुनी नाही. उष्मा हा निमूटपणे सोसण्याचा विषय आता राहिलेला नाही.

तेव्हा यंत्र घ्यावे की न घ्यावे, हा वाद संपल्यातच जमा आहे. ते कसे निवडावे आणि कोठे बसवावे, याचा विचार मात्र अद्याप सुरूही झालेला दिसत नाही.

दुकानात पहिला प्रश्न ‘किती टन?’ असा येतो. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता बाहेर काढण्याची ती ताकद. आजच्या मापात सुमारे साडेतीन किलोवॉट. मधल्या मजल्यावरील १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन, किंबहुना त्याहून थोडे कमीही पुरते. सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छपराखाली, हे गणित बदलते. पण तेथेही मोठे यंत्र आणण्यापूर्वी छपराखाली उष्णता अडविणारा थर बसवावा आणि उन्हाच्या खिडकीला बाहेरून पडदा लावावा, हे अधिक शहाणपणाचे. गरजेपेक्षा मोठे साधे यंत्र खोली झटपट गार करून बंद पडते आणि हवेतील दमटपणा तसाच मागे ठेवते. मुंबईत खरा जाच तर दमटपणाचाच! म्हणून बेताच्या ताकदीचे, गरजेनुसार वेग कमीजास्त करणारे इन्व्हर्टर पद्धतीचे आणि अधिक तारांकित यंत्र निवडावे. जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावलेली येतात. जोडीला पंखा फिरता ठेवला, तर २६ अंशही सुसह्य होतात.

इथवरचा हिशेब घरातला झाला. परंतु हे यंत्र उष्णता नष्ट करीत नाही. एका जागेहून उचलून ती दुसऱ्या जागी टाकते, आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णताही तिच्यात मिसळते. एक टनाचे यंत्र पूर्ण ताकदीने चालले, की त्याच्या बाहेरच्या भागातून सुमारे साडेचार किलोवॉट उष्णता बाहेर पडते. पाणी तापविण्याचे दोन-दोन हजार वॉटचे दोन हीटर गॅलरीत पेटते ठेवावेत, त्याहून ही अधिकच. मोटारीत थाटलेल्या फिरत्या घरालाही असेच छोटे यंत्र लावतात. पण त्या घराभोवती मोकळा रस्ता असतो. चाळीतील खोलीभोवती शेजाऱ्याची खोली असते. दोन हातांवरच्या त्याच्या दारात ही झळ शिरते, आणि ज्याला यंत्र परवडत नाही त्याचीच रात्र अधिक तापते. मग तोही कर्ज काढून यंत्र आणतो, आणि तिसऱ्याची पाळी येते.

‘खोली माझी, वीजबिल माझे’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. गॅलरी सर्वांची, भिंत सर्वांची आणि जिन्याखालच्या मीटरांपर्यंत येणारी तारही सर्वांची. यांतील कित्येक इमारती १९४० पूर्वीच्या, लाकडी तुळयांवर तोललेल्या आहेत. पंचवीस-तीस किलोचा एक भाग अशी भिंत पेलीलही; परंतु वीस ठिकाणी पाडलेली भोके आणि त्यांतून झिरपणारे पाणी तिला पेलेल काय? जुन्या वायरिंगवर असा भार रात्रभर राहिला, तर होणारी आग एकाच खोलीपुरती थांबेल काय?

याला उपाय आहेत, आणि ते अवघडही नाहीत. चाळ समितीने घरमालकाशी बोलून बाहेरच्या भागांसाठी एकच जागा मुक्रर करावी. शक्यतो मागील बाजूची, जेथे ऊन आणि वर्दळ दोन्ही कमी. खिडकीत बसणारे यंत्र गॅलरीच्या बाजूला लावूच नये. ठिबकणारे पाणी एका सामाईक नळीने गटारापर्यंत न्यावे. यंत्र येण्यापूर्वी बेस्टकडून मंजूर भार वाढवून घ्यावा, स्वतंत्र तार आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे.

पुनर्विकासाचे आराखडे घेऊन येणाऱ्यांनाही रहिवाशांनी खोलीच्या क्षेत्रफळाइतक्याच आग्रहाने विचारावे, की वारा कोठून येणार आणि यंत्रांची उष्णता कोठे जाणार? गणपतीची वर्गणी, पाण्याची वेळ आणि जिन्याची झाडलोट ज्यांनी पिढ्यान् पिढ्या एकत्र बसून ठरविली, त्यांना गारव्याचीही व्यवस्था ठरविता येईल. ती ठरविण्याची वेळ पहिले यंत्र बसण्यापूर्वीची आहे. विसावे बसल्यावर भांडणाखेरीज हाती काही उरत नाही.